बहरीनला निघण्यापूर्वी

प्रवासाचे वर्णन प्रवास करून आल्यावर लिहावे, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. आम्ही तो मोडून, घराचा उंबरठाही अद्याप न ओलांडता, लिहावयास बसलो आहोत. याचे कारण इतकेच की, पन्नाशी उलटून गेलेल्या आमच्यासारख्या मुख्याध्यापकाच्या बाबतीत प्रवासापेक्षा प्रवासाची तयारीच अधिक घडामोडींची ठरली. येत्या नाताळच्या सुटीत आम्ही सपत्नीक बहरीनला जावयाचे योजिले आहे. तेथे आमचे चिरंजीव, सूनबाई आणि चार वर्षांची नात अशी मंडळी राहतात.

ही वार्ता गावात पसरली तेव्हा पहिल्याच दिवशी आम्हांला तिघांनी विचारले, “मास्तर, दुबईला चाललात म्हणे?” आमच्या पेडणे तालुक्यात आखाती देशांचा भूगोल फारसा कोणी बारकाईने पाहत नाही. ‘गल्फात गेला’ म्हटले की पुरे. मग तो कुवेतला असो, मस्कतला असो वा दोहाला असो. आम्ही वर्गात ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात तिघांनाही सांगितले की, बहरीन हे दुबईत नाही. ते स्वतंत्र राज्य असून बेटांचे बनलेले आहे. तिसऱ्याने मान डोलावली आणि जाताना म्हणाला, “दुबईहून येताना एक चांगलीशी बॅटरी आणा हं!”

खरे सांगावयाचे तर, आमचेही ज्ञान काही महिन्यांपूर्वी याहून फार मोठे नव्हते. शाळेतील भिंतीवरच्या नकाशावर बहरीन म्हणजे इराणच्या आखातात सौदी अरबस्तानच्या काठालगत पडलेला एक ठिपका. त्या ठिपक्याचे क्षेत्रफळ आठशे चौरस किलोमीटरही भरत नाही. आमचा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरांचा. म्हणजे ज्या गोव्याला सारा देश चिमुकला म्हणतो, त्याच्या पोटात अशी चार बहरीने सहज मावतील. लोकसंख्या मात्र जवळजवळ गोव्याएवढीच, सुमारे पंधरा लाख; आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक बाहेरून पोटासाठी आलेले. एकट्या भारतीयांची संख्याच तीन लाखांहून अधिक आहे. त्या तीन लाखांत एक आमचा आहे, हे मात्र आम्हांला नकाशावाचून ठाऊक होते, आणि तेच बरीच वर्षे सलत होते.

ही सल कसली, ते प्रथम सांगितले पाहिजे. एरवी या प्रवासाला एवढे महत्त्व का, हे वाचकांच्या ध्यानात यावयाचे नाही.

आमचे मूळ घर पेडण्यात असले तरी नोकरीची पुष्कळ वर्षे डिचोली तालुक्यात गेली. खाणीचा तो मुलूख. तेथील लाल धूळ शाळेच्या बाकांवर, हजेरीपटावर आणि मुलांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर बसलेली आम्ही वर्षानुवर्षे पाहिली. ट्रकांच्या रांगा, धक्क्यांवर लागलेल्या बार्जी, मांडवीतून मुरगावकडे जाणारा लोहखनिजाचा माल, यांवर तालुक्यातील निम्मी घरे चालत. चिरंजीवांनी मये येथील सरकारी तंत्रनिकेतनातून यांत्रिकी पदविका घेतली आणि २०१५ साली ते खाणीवरच्या अवजड यंत्रांच्या दुरुस्तीच्या कामावर रुजू झाले. त्यापूर्वी २०१२ साली खाणी एकदा बंद पडल्या होत्या, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घालून त्या पुन्हा उघडू दिल्या होत्या. ‘आता पुन्हा बंद होणार नाहीत’ असे जो तो म्हणत होता. आम्हीही म्हणत होतो. परंतु ७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि मार्चच्या मध्यास सारे काम थांबले. निकाल योग्य की अयोग्य, हे ठरविणे आमचे काम नव्हे. डोंगर कसे पोखरले गेले आणि शेतांत कसला गाळ आला, तेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण घरोघरी अंगणात ट्रक उभे राहिले, त्यांच्या चाकांभोवती पावसाळ्यात गवत वाढले, आणि आमचे तेवीस वर्षांचे चिरंजीव दुपारच्या वेळी ओटीवर बसू लागले, हेही आम्ही पाहिले.

आमचा सल्ला एकच होता: थांबावे. सरकारी नोकरीच्या जाहिराती निघतात, अर्ज करावेत, परीक्षा द्याव्यात. दीड-दोन महिन्यांनी एका रात्री जेवणे झाल्यावर ते म्हणाले, “बाबा, बहरीनमध्ये काम मिळतंय. यंत्रांच्या देखभालीचं. मी जातो.”

आम्ही म्हणालो, “आपल्या घराण्यात आजवर कोणी पोटासाठी परका देश धरलेला नाही.”

ते शांतपणे म्हणाले, “खाणी सुरू होण्याची वाट पाहता पाहता माझी उमेद निघून जाईल, बाबा.” पुढे ते काही बोलले नाहीत, आम्हीही बोललो नाही.

यातील विसंगती सौ.ने त्याच रात्री आमच्या पदरात घातली. गेली कित्येक वर्षे गल्फात जाणाऱ्या मुलांचे पालक आमच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारखेचा दाखला, नावातील दुरुस्ती यांसाठी येत. त्या कागदांवर आम्ही हसतमुखाने सही-शिक्का करीत आलो होतो. “दुसऱ्यांची मुलं गेली तेव्हा पाठीवर थाप मारलीत ना?” एवढेच ती म्हणाली. त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून आम्ही वर्तमानपत्र उघडले.

चिरंजीव जूनमध्ये निघाले तो शाळा उघडण्याचा दिवस होता. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकाने शाळेत असलेच पाहिजे, असे सांगून आम्ही दाबोळी विमानतळावर गेलो नाही. सौ. आणि तिचा भाऊ गेले. वाचकहो, शाळा दुपारी दीड वाजता सुटते आणि विमान रात्रीचे होते. ही गोष्ट आजवर आम्हांला कोणी ऐकविलेली नाही. ज्याला ऐकविण्याचा अधिकार होता त्याने तर कधीच नाही. पुढे दर दोन वर्षांनी ते चवथीला येत राहिले, त्यांचे लग्न झाले, नात झाली. पण आम्हा बापलेकांचे फोनवरील बोलणे हवापाण्यापलीकडे गेले नाही. आम्ही विचारावे, “उकाडा कसा आहे?” त्यांनी सांगावे, “आहे बाबा, पंचेचाळीस अंश.” मग फोन सौ.कडे जावा.

यंदाच्या चवथीला सूनबाईंनीच विषय काढला. “बाबा, या डिसेंबरात तुम्ही दोघंही या. तिकडे तेव्हा हवा छान असते.” चिरंजीव मखराचे दिवे नीट करण्यात गुंतले होते. त्यांनी वर पाहिले नाही, पण हात थांबला, एवढे आम्ही पाहिले. आणि आमच्या तोंडून ‘पाहू’ हा नेहमीचा शब्द न निघता ‘येऊ’ असा शब्द निघाला.

येथून तयारीस प्रारंभ झाला. सरकारी नोकराला खासगी कामासाठी परदेशी जावयाचे तरी खात्याची पूर्वपरवानगी लागते. इतरांचे असे अर्ज आजवर आम्ही ‘शिफारशीसह वरिष्ठांकडे सादर’ असा शेरा मारून पाठविले; आता आपलाच अर्ज लिहिताना ‘परदेशगमनाचे प्रयोजन’ या रकान्यापाशी लेखणी अडली. ‘मुलास भेटणे’ हे दोन शब्द लिहावयास आम्हांला बराच वेळ लागला.

पारपत्राचे प्रकरण त्याहून लांबले. गोमंतकातील वाचकांना हे दुखणे परिचित असेल. आमच्या जन्मनोंदीत वडिलांचे नाव जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या स्पेलिंगाने आहे. ‘श’साठी तेथे ‘एक्स’ हे अक्षर येते. शाळेच्या दाखल्यावर तेच नाव इंग्रजी धाटणीने. दोन्ही व्यक्ती एकच, हे सिद्ध करणे आले. त्यासाठी वडिलांचे जुने कागद पाहावेत म्हणून माळ्यावरची पत्र्याची पेटी आम्ही खाली उतरविली. वडील जाऊन पुष्कळ वर्षे झाली. ती पेटी तेव्हापासून कोणी नीट उघडली नव्हती.

नोंदीचा उतारा मिळाला. त्याच्याच खाली सुतळीने बांधलेला पत्रांचा एक लहानसा जुडगा होता.

आमचे वडील तरुणपणी मुंबईस गिरगावात एका दुकानी हिशेबनीस होते आणि मुक्तीनंतर परत येऊन त्यांनी पेडण्यात लहानसे दुकान घातले, एवढे आम्हांला ठाऊक होते. ते त्या दिवसांविषयी क्वचितच बोलत. मुंबई ती काय, आपलीच. पेडण्याची माणसे तेथे जावयाचीच. म्हणून ‘घराण्यात कोणी परका देश धरला नाही’ असे आम्ही निःशंकपणे म्हणू शकलो. परंतु पत्रांवरील तारखा १९५५ आणि १९५६ च्या होत्या. त्या काळी पत्रादेवीच्या अलीकडे पोर्तुगीज राज्य होते आणि पलीकडे भारत. १९५५ साली पत्रादेवीच्या सरहद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती आणि परवान्याविना येणेजाणे उरले नव्हते. ज्या पत्रादेवीवरून आज आम्ही बांद्याच्या बाजारास जाऊन तासाभरात परततो, तेथून आमचे वडील दोन चतुर्थ्या घरी येऊ शकले नाहीत. ही पत्रे त्यांनी आमच्या आजीला कोणा ओळखीच्या माणसाहाती सावंतवाडीच्या बाजूने पाठविलेली होती.

एका पत्रात पुढील मजकूर आहे: “परवाना या खेपेसही मिळाला नाही. चवथीस येणे होत नाही. पैसे जमतील तसे पाठवीन. बाबांचा राग गेला किंवा कसे, ते कळवावे.”

आजोबांचा राग कशाचा, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. कुळागर सोडून मुलगा शहरात गेला, याचाच असणार. तो राग पुढे गेला की नाही, हेही त्या जुडग्यात कोठे लिहिलेले नाही. आम्ही पेटीसमोर जमिनीवरच बसून राहिलो. त्या मुंबईच्या पैशांतून दुकान उभे राहिले, दुकानातून आमचे शिक्षण झाले, एम. ए. झालो, मास्तर झालो, आणि मग आपल्या मुलाला सांगितले की, आपल्या घराण्यात कोणी घर सोडलेले नाही. सौ. चहा घेऊन आली. तिने पत्र वाचले आणि काही न बोलता पुन्हा घडी करून आमच्या हाती दिले.

त्या दिवसापासून बहरीनकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली. तोवर तो मुलगा हिरावून नेणारा मुलूख होता. आता, ज्या ठिकाणी आपला मुलगा इतकी वर्षे राहिला, ते ठिकाण आहे तरी कसे, हे जाणून घ्यावेसे वाटले. ग्रंथालयातून पुस्तके आणली, शाळेतील तरुण शिक्षकांनी संगणकावरून माहिती काढून दिली, आणि पन्नाशीनंतर प्रथमच आम्ही विद्यार्थ्याप्रमाणे टिपणे काढली.

‘बहरीन’ या शब्दाचा अरबी अर्थ ‘दोन समुद्र’. खाऱ्या समुद्राच्या तळाशी तेथे गोड्या पाण्याचे झरे होते. मोत्यांसाठी बुडी मारणारे लोक तळाशी जाऊन पखालीत गोडे पाणी भरून आणीत, असे वर्णन आहे. मोती हा त्या बेटांचा पिढीजात धंदा. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने होड्या समुद्रावर असत. नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून माणसे तळाशी उतरत. होडीच्या तांडेलाला ते ‘नाखुदा’ म्हणतात. आमच्या कोकणपट्टीतला ‘नाखवा’ तो हाच! बुडी मारणारे बहुधा नाखुदाचे कर्जदार असत आणि एके काळी बापाचे कर्ज मुलाच्या माथी येई. मोत्यांचा मोठा बाजार आमच्या मुंबईत भरे.

मग जपानात मोत्यांची पैदास करण्याची युक्ती साधली. १९२९ च्या सुमारास जगभर मंदी आली, आणि थोड्याच वर्षांत तो सारा धंदा कोसळला. होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या. हे वाक्य वाचताना आमच्या डोळ्यांपुढे डिचोलीच्या अंगणांतले ट्रक उभे राहिले. एका मालावर सारा मुलूख तगावा आणि तो माल एका हंगामात बसावा, हे आम्ही पाहिलेले होते. बहरीनचे दैव असे की, १९३२ साली त्याच्या भूमीत तेल लागले. आखाताच्या अरबी बाजूस तेल प्रथम लागले ते तेथेच. ज्यांच्या होड्या बसल्या त्यांतले कितीतरी जण तेलाच्या कामावर गेले. आपला समुद्र सोडून विहिरींवर जाणाऱ्या त्या मुलांना त्यांच्या वडिलांनी काय ऐकविले असेल, याची कल्पना आम्हांला करता येते.

तेथील मोत्यांच्या व्यापाऱ्यांची जुनी घरे मुहर्रक नावाच्या गावी जतन केलेली असून २०१२ साली त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. ती पाहावयाची, असे आम्ही टिपणात पहिल्या क्रमांकावर लिहिले आहे.

दुसऱ्या क्रमांकावर एक किल्ला आहे, आणि त्याचा संबंध थेट आमच्याशी पोचतो. १५२१ साली पोर्तुगीजांनी बहरीन जिंकले आणि पुढे गोव्याहून कारभार पाहणाऱ्या त्यांच्या पूर्वेकडील राज्यात ते मोडू लागले. त्यांनी वाढविलेला किल्ला आजही उभा आहे. त्याच्याखालच्या टेकाडात मात्र चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या वस्तीचे थर सापडले आहेत. ते दिल्मुन या प्राचीन राज्याचे. सिंधू संस्कृतीतील वजनेही तेथे मिळाली, म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या कितीतरी आधी इकडची माणसे तिकडे व्यापाराला जात होती. पोर्तुगीजांना बहरीन १६०२ साली सोडावे लागले. आमचे पेडणे त्यांच्या हाती पडले ते १७८८ साली, सावंतवाडीकरांकडून! ज्या राज्यातून बहरीन सुटले त्याच राज्यात आम्ही पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी शिरलो आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राहिलो. इतिहासाच्या तासाला हे मुलांना सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, म्हणजे आपण त्यांच्याहून मागे.” त्याला आम्ही खाली बसविले, पण तो चुकला असे काही सांगता आले नाही.

तारखांचे आणखी एक नवल. बहरीन इंग्रजांच्या अंमलातून मोकळे झाले ते १५ ऑगस्टला, मात्र १९७१ साली. त्यांचा राष्ट्रीय दिन १६ डिसेंबरला असतो, आमचा मुक्तिदिन १९ डिसेंबरला. चिरंजीवांची इच्छा होती की, तेथील रोषणाई पाहावयास आम्ही १६ तारखेपूर्वीच पोचावे. आम्ही सांगितले, शाळेवर झेंडा फडकविल्यावाचून आम्हांला येता यावयाचे नाही. ते फोनवर हसले आणि म्हणाले, “ठाऊक होतं.” पुष्कळ दिवसांनी आम्ही दोघेही एका गोष्टीला हसलो.

सौ.ची तयारी निराळ्या प्रकारची आहे. तिचा पहिला प्रश्न, तेथे देऊळ आहे काय? मनामा शहराच्या जुन्या बाजारपेठेत श्रीनाथजींचे मंदिर दोनशे वर्षांहून जुने असून ते सिंधमधून गेलेल्या भाटिया व्यापाऱ्यांनी बांधले आहे, हे कळल्यावर तिने निम्मी चिंता सोडली. दुसरा प्रश्न, चलन कोणते? तेथे दिनार चालतो आणि एका दिनाराला आपले दोनशेहून अधिक रुपये पडतात, हे ऐकून ती गप्प झाली. एके काळी तेथे आपलाच रुपया चालत असे, १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी निराळ्या नोटाही काढल्या होत्या, आणि दिनार आला तो १९६५ साली, असे आम्ही तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, “तेव्हा गेलो असतो तर स्वस्तात झालं असतं.”

मग खाऊची यादी झाली. सोलां, काजूगर, हरमलची मिरची, खाजें, आंब्याची साठं आणि नातीसाठी नेवऱ्या. येथे एक इशारा आपल्या वाचकांस देऊन ठेवतो, कारण पुष्कळ घरांतून मुलेबाळे आखातात असतात. आपण ज्या खसखशीला साधा मसाल्याचा जिन्नस समजतो, ती आखाती देशांपैकी कित्येकांत अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि पिशवीत सापडल्यास मोठे संकट ओढवते. आमच्याकडच्या नेवरीच्या सारणात खसखस हवीच. सौ.ने दोन दिवस विचार करून तीळ घालण्याचे ठरविले. नमुन्याची पहिली नेवरी आम्ही खाल्ली आणि फरक कळत नाही, असे सांगितले. फरक कळत होता. औषधांचेही तसेच. रक्तदाबाच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्याव्यात, हे चिरंजीवांनी तीनदा बजावले आहे.

त्यांची स्वतःची मागणी एकच, नव्या वर्षाच्या सहा ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका. “सहा कशाला?” आम्ही विचारले. “एक घरी, बाकीच्या कामावरच्या मित्रांना. एक सांगलीचा आहे, एक बेळगावचा, एक कारवारचा, एक इंदूरचा. जानेवारीत सगळे विचारतात.” त्यातले इंदूरचे गृहस्थ तर चार पिढ्या माळव्यात वाढलेले, त्यांना चतुर्थी आणि एकादशी या दिनदर्शिकेवाचून सापडत नाही म्हणे. गणेशोत्सवात तेथील मराठी मंडळी एकत्र जमतात, आरत्या म्हणतात. घरी आमचे बोलणे कोंकणीत आणि लिहिणे-वाचणे मराठीत, असा गोव्यातील अनेक घरांचा रिवाज आहे. तोच चिरंजीवांनी तेथे चालू ठेवला असल्याचे कळले. नातीसाठी आम्ही पहिलीचे मराठीचे पुस्तक घेतले आहे. ती अजून चारच वर्षांची आहे, हे सौ.ने दाखवून दिले. परंतु मुख्याध्यापकाने रिकाम्या हाताने कसे जावे?

पूर्वतयारी म्हणून आम्ही थोडे अरबी शब्दही शिकू लागलो. आभाराला ‘शुक्रन’, स्वागताला ‘मर्हबा’. पण आमच्यासारख्या मराठीच्या शिक्षकाला खरी गंमत वाटली ती याची की, आमचे निम्मे कार्यालय अरबी शब्दांवरच चालते. हजेरी, दाखला, कायदा, हुकूम, हिशेब, तालुका, जिल्हा हे सारे शब्द तिकडचेच. ते कधीकाळी घर सोडून निघाले, वाटेत फारसीच्या ओसरीवर थांबले आणि आमच्याकडे येऊन असे रुळले की, त्यांना परके म्हणण्याचे आज कोणाच्या मनातही येत नाही. ‘दाखला’ हा शब्द आम्ही किती हजार वेळा लिहिला असेल! जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती तो दिला, आपल्या मुलाला तेवढा द्यावयाचा राहिला.

हे मासिक ज्यांच्या घरी जाते त्या कुटुंबांना आम्ही नवे काही सांगत नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर, जेथे कोठे आपण असाल तेथे आपले कोणी पूर्वज एकदा गाव सोडून आले म्हणून आहात. त्यांच्याही वेळी मागे कोणी ओटीवर रुसून बसले असेल. त्या रुसव्याची नोंद कुळाच्या वृत्तान्तात कोणी करीत नाही. कोण गेले, कोठे गेले, काय मिळविले, एवढेच लिहिले जाते. मागे राहिलेल्याने निरोप नीट दिला की नाही, हे जाणाऱ्याला मात्र जन्मभर लक्षात राहते. गिरगावच्या त्या पत्रातील एका ओळीने आम्हांला एवढे शिकविले.

गेल्या रविवारी फोनवर चिरंजीवांनी आठ दिवसांचा बेत वाचून दाखविला. एक दिवस किल्ला, एक दिवस मुहर्रक, एक दिवस वाळवंटात एकाकी उभे असलेले प्रसिद्ध जुने झाड, एक दिवस सौदी अरबस्तानला जोडणारा, १९८६ साली खुला झालेला पंचवीस किलोमीटरांचा सेतू. आम्ही ऐकून घेतले आणि विचारले, “तू काम करतोस ती जागा पाहता येईल काय?”

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, “आत सोडत नाहीत, बाबा. पण फाटकापर्यंत नेईन. तिथून शेडचं छप्पर दिसतं.” “चालेल,” आम्ही म्हणालो. त्यानंतर उन्हाळ्यात तेथे कसे काम चालते, भर दुपारी उघड्यावर काम करण्यास सरकारची बंदी कशी असते, पहिल्या वर्षी ते खोलीत आणखी पाच जणांसह कसे राहत होते, हे सारे त्यांनी सांगितले. आम्ही इतक्या वर्षांत ते विचारलेच नव्हते. फोन ठेवला तेव्हा सौ. दारात उभी होती. “बाकीचं तिथे गेल्यावर बोला,” ती म्हणाली, “समोरासमोर. फोनवर नको.”

आता परवानगीचा कागद आला आहे, पारपत्रावर नावही एकदाचे एका धाटणीने लागले आहे. डिचोलीत लिलावानंतर काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत. पण त्याविषयी चिरंजीवांना आम्ही काही सुचविलेले नाही आणि सुचविणारही नाही. निघावयाचे ते दाबोळीहून नव्हे, आमच्याच तालुक्यातील मोपाच्या पठारावरून. तेथे जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. ज्या पठारावर लहानपणी आम्ही काजू वेचले, तेथून मुंबईस आणि मुंबईहून साडेतीन-चार तासांत मनामाला. तेथील घड्याळ आपल्यामागे अडीच तास चालते.

सामानाची यादी सौ.च्या अक्षरात देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला अडकविलेली आहे. काल रात्री तिच्या शेवटी आम्ही आपल्या हाताने एक ओळ वाढविली: ‘वडिलांचे पत्र’. ते चिरंजीवांना वाचावयास द्यावयाचे आहे. तेथील विमानतळावर आम्हांला उतरवून घेण्यास ते स्वतः येणार आहेत. त्या दिवशी त्यांची पाळी असूनही त्यांनी ती बदलून घेतली आहे, असे सूनबाईंनी कळविले.